वर्धा नदी ओलांडून आलेला मूळपुरुष: १९५४ च्या मागं कसं जायचं?

आर्वीकाठ (प्रश्न)

रामराम मंडळी. वंशावळ मागं नेताना अडकलो आहे. हाती काय आहे आणि काय नाही ते लिहितो.

गाव आर्वी तालुक्यात, नदीपासून दोन कोसांवर. घरात सांगतात ते असं, की मूळपुरुष नदीपलीकडून, म्हणजे वऱ्हाडातून आला, पडीक जमीन तोडली आणि वस्ती केली. पलीकडच्या गावाचं नाव सगळ्यांना पाठ आहे, पण ते आज ना नकाशावर सापडतं ना ग्रामपंचायतींच्या यादीत. चांदूर रेल्वे नाहीतर तिवसा तालुक्यात असावं.

कागदांत आहेत आजचा सातबारा, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल (आजोबांच्या नावे) आणि आजोबांचा शाळेचा दाखला. त्यांचे वडील सखाराम, त्यांचे वडील गणपत, आणि गणपतचे वडील पुन्हा सखाराम, हे फक्त तोंडी. आज आडनाव पाटील लावतात, पण लग्नात मामा लोक वेगळंच आडनाव सांगतात.

विचारायचं ते हे. १९५४ च्या मागं कोणता कागद, कोणत्या कचेरीत? पलीकडचं गाव कसं शोधायचं? आणि अमेरिकेतला चुलतभाऊ एका साइटवर झाड बनवतो आहे, तो प्रत्येक नावाला ‘पुरावा’ मागतो. त्याला काय द्यायचं?

---

दप्तरबंद

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा. वर्धा नदी ही तुमच्यासाठी नुसती नदी नाही, दोन वेगळ्या राज्यकारभारांची हद्द आहे. अलीकडं नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. तो १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि इथं मालगुजारी बसली, म्हणजे अख्ख्या गावाचा सारा एक मालगुजार भरायचा. पलीकडं निजामाचं वऱ्हाड. ते १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथं मुंबई इलाख्यासारखी रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) मोजणी झाली. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं ते १९०३ मध्ये. म्हणून आर्वीचं दप्तर आणि चांदूरचं दप्तर एका नमुन्यात नाही. एकीकडचे शब्द घेऊन दुसरीकडं विचारलं तर बाबू सरळ ‘असं काही नाही’ म्हणतो, आणि त्याचं खोटंही नसतं.

तुमच्या बाजूचं सांगतो. सातबाऱ्यावरून मागं जायचं ते फेरफार धरून. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे फेरफाराचे असतात. सर्वात जुना आकडा घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीचा खातेदार आणि वारस लिहिलेले मिळतील. हे करत १९५४-५५ ला पोचाल, ते तुमच्याकडं आहेच.

त्याच्या मागं तहसीलच्या अभिलेख कक्षात जमाबंदी (खातेवार यादी), खसरा (शेतवार नोंद) आणि पी-१ पत्रकं मागा. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, त्याच्या आधीच्या कागदात तुमच्या लोकांच्या नावापुढं हक्काचा प्रकार लिहिलेला असेल. तो सोडू नका. ‘मौरुसी’ असेल तर वंशपरंपरेचं कूळ. ‘मालिक मकबुजा’ असेल तर फारच चांगलं, कारण हा दर्जा बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवायला झालेल्या मोजणीच्या वेळी आधीपासून पक्का कब्जा असलेल्यांना मिळत असे, म्हणजे कुटुंब बंदोबस्ताच्या आधीपासून तिथं होतं. ‘सीर’ किंवा ‘खुदकाश्त’ दिसलं तर घर मालगुजाराचं किंवा त्याच्या हिस्सेदाराचं.

सगळ्यात मागं बंदोबस्ताची मिसल, म्हणजे त्या वेळच्या कागदांची फाइल. पहिला मोठा बंदोबस्त १८६० च्या दशकातला. त्याबरोबर वाजिब-उल-अर्जही मागा. त्यात गावाचे रिवाज असतात आणि कुठं कुठं गाव कोणी वसवलं, मालगुजारी कोणाकडून कोणाकडं आली हेही येतं. मिसली बहुतेक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असतात, तहसीलला नाही.

अर्जात ‘माझ्या पूर्वजांची माहिती द्यावी’ असं लिहू नका, त्यावर काही होत नाही. मौजा, तहसील, पटवारी हल्का नंबर, बंदोबस्त नंबर, खसरा नंबर आणि वर्ष लिहा. एका अर्जात एकच मौजा, एकच प्रकारचा कागद. ‘सापडत नाही’ असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. लेखी देणं जीवावर आलं, की दुसऱ्या चकरेत कागदांचा बस्ता निघतो. नाहीच निघाला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून नकलेऐवजी ‘अभिलेखाचं अवलोकन’ मागा. बस्ता स्वतः उलटताना शेजारच्या पानावर जे सापडतं ते नकलेत कधीच येत नाही.

आणखी एक. खसरा नंबर प्रत्येक बंदोबस्तात बदलले. आजचा नंबर घेऊन जुन्या मिसलीत गेलात तर भलत्याच माणसाचं शेत हाती येईल. जुना नंबर-नवा नंबर दाखवणारा तक्ता आधी काढा. तो नसेल तर चतुःसीमा जुळवा. नाला, पांदण, शेजारचा खातेदार, हे नंबरापेक्षा पक्कं असतं.

---

पलीकडचा

वऱ्हाडाकडचं मी सांगतो जी.

नकाशावर नसलेलं गाव म्हणजे बहुतेक रिठ. वस्ती उठते, पण मौजा उठत नाही. महसुलात ते गाव तसंच राहतं, जमीन कोणी शेजारच्या गावचा कसतो, सातबारा त्याच नावानं निघतो. कुठं ‘रिठी’ लिहितात, कुठं ‘बेचिराग’, कुठं ‘उजाड’. म्हणून ग्रामपंचायतींची यादी पाहू नका, तिथं ते नसणारच. महसुली मौजांची यादी पाहा. सातबाऱ्याच्या साइटवर तालुका निवडल्यावर जी गावांची यादी येते ती महसुली असते. त्यात चांदूर रेल्वे, तिवसा आणि त्यांना लागून धामणगाव रेल्वे, मोर्शी हे चारही तालुके पाहा, कारण तालुके मागाहून तुटले-जुळले आहेत. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतही उजाड गावं वेगळी दाखवतात.

नावाचं शुद्धलेखन विसरा. खुर्द-बुद्रुक गळतं, ‘पूर’चं ‘पुरा’ होतं, इंग्रजी नकाशातून परत मराठीत येताना तर काहीच्या काही होतं. एलिचपूर म्हणजे अचलपूर, बासीम म्हणजे वाशीम, वून म्हणजे वणी हे सगळ्यांना माहीत आहे, पण लहान गावांचे असे हाल कोणी लिहून ठेवले नाहीत. चार तऱ्हांनी शोधा. जुन्या मोजणी नकाशावर ओसाड गावठाण, विहीर, मारुतीचं देऊळ दाखवलेलं असतं. शेतात मारुती एकटा उभा असेल आणि भोवती खापरं निघत असतील तर तिथं गाव होतं असं धरायला हरकत नाही.

गाव सापडलं की तुमचं काम अलीकडच्यापेक्षा सोपं. वऱ्हाडात पहिल्या मोजणीचे सर्व्हे नंबर फारसे बदललेले नाहीत, नुसते पोटहिस्से पडत गेले. शिवाय अकोला आणि अमरावती हे जिल्हे जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ साइटवर घालण्याच्या पहिल्या टप्प्यात होते, तेव्हा घरबसल्या पाहता येतात. नोंदणी करून तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार निवडायचा. सर्च बारमध्ये नाव टाकून काही निघत नाही, पान उलटत जावं लागतं.

एक फसगत सांगतो, हिच्यापायी लोक महिनोन् महिने भलत्या शेताच्या मागं लागतात. वऱ्हाडात ५.२० लिहिलं म्हणजे पाच एकर वीस गुंठे, म्हणजे साडेपाच एकर, आजचे साधारण २ हेक्टर २३ आर. नागपूर-वर्ध्याकडं ५.२० म्हणजे पाच एकर वीस डिसमिल, म्हणजे शंभरातले वीस, आजचे साधारण २ हेक्टर १० आर. ठिपका एकच, अर्थ दोन. क्षेत्र जुळत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका, आधी कोणत्या काठाची आहे ते पाहा.

आता ‘पाटील’. वऱ्हाडात पटेलकी वतनी होती, बापाकडून लेकाकडं जायची. भोसल्यांच्या मुलखात मात्र पाटील म्हणजे बहुतेक करून गावचा सारा भरायला ठेवलेला माणूस, पट्टा बदलला की पाटील बदलला. त्यामुळं तुमच्याकडचं पाटील आडनाव नदीपलीकडून आलं असेल तर त्याचा कागद असण्याची शक्यता मोठी आहे, अलीकडं पडलं असेल तर कमी. वऱ्हाडात पटेलकीचा वारस नेमताना वंशावळ मांडावीच लागे, भाऊबंद भांडत असले तर दोन्ही बाजूंची. अशी प्रकरणं जिल्ह्याच्या दप्तरात आहेत. शोधताना मामा लोक सांगतात ते आडनाव घ्या. मामाकडची माणसं जुनं आडनाव उगाच धरून बसत नाहीत, सोयरीक करताना कुळी त्याच्यावरून पाहिली जाते.

---

आर्वीकाठ

दोघांचे आभार. महसुली यादीत नाव सापडलं, ‘रिठ’ लागूनच आहे. वर्ध्याच्या बाजूचं एक जुनं पान मिळालं, नीट लागत नाही. एक ओळ अशी दिसते: ‘सखा व. गणपत कु. सा. देह, मौरुसी, ल. १२॥’. खाली दुसऱ्या हातानं ‘फौत, यशोदा बेवा, नारायण अ.’. लगान (जमिनीचा खंड) १२११ रुपये कसं असेल? आणि आमच्याकडं यशोदा, नारायण ही नावं कोणाला ठाऊक नाहीत.

---

मोडीची दौत

ते १२११ नाही. १२ पुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. साडेबारा रुपये, म्हणजे बारा रुपये आठ आणे. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. मोडीत आणि जुन्या बाळबोधीतही हेच, आणि रेघ व एकाचा आकडा यांत घोळ झालेली चिकार भाषांतरं पाहायला मिळतात, कचेरीतून शिक्का मारून दिलेलीसुद्धा.

बाकीची ओळ: ‘व.’ म्हणजे वल्द, अमक्याचा मुलगा. ‘कु.’ जात. ‘सा. देह’ म्हणजे साकीन देह, याच गावचा राहणारा. दुसऱ्या गावचा असता तर इथं त्या गावाचं नाव आलं असतं. तुमच्यासाठी ही ओळ मोलाची आहे: पान लिहिलं तेव्हा कुटुंब नदी ओलांडून स्थिरावलेलं होतं. जमाबंदीच्या आणखी मागच्या पानात ‘देह’च्या जागी पलीकडचं गाव दिसलं तर स्थलांतराचं साल दोन पानांच्या मध्ये धरता येईल.

‘फौत’ म्हणजे मयत. ‘बेवा’ विधवा. ‘अ.’ अज्ञान, वयात न आलेला, कुठं ‘अ.पा.क.’ असतं, अज्ञान पालनकर्ता. म्हणजे सखाराम वारला, बायको यशोदा आणि लहान मुलगा नारायण मागं राहिले. तुमच्या तोंडी वंशावळीत नारायण नाही, याचे अर्थ तीन. हा नारायण लहानपणी वारला आणि ओळ दुसऱ्या भावाकडून चालली. किंवा नारायण हेच तुमच्या कोणाचं तरी पाळण्यातलं नाव आणि घरात दुसरं रूढ झालं. किंवा, आणि ही शक्यता आधी तपासा, हा सखाराम तुमचा नव्हेच. नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत असल्यानं सखाराम-गणपत-सखाराम-गणपत अशी माळ प्रत्येक भावाच्या घरात एकाच वेळी चाललेली असते. एका गावात एका पिढीला तीन ‘सखाराम वल्द गणपत’ मिळणं काही विशेष नाही. नुसत्या नावावर जोडू नका. नाव, शेत आणि बायकोचं नाव, तिन्ही जुळली तरच माणूस तोच.

दत्तक आणि घरजावई हे दोन खड्डेही ध्यानात ठेवा. दत्तक गेलेल्याचा बाप एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरा. घरजावई असेल तर शेत सासऱ्याकडून आलेलं असतं, आणि शेत धरून मागं जाता जाता तुम्ही नकळत सासऱ्याच्या कुळीत शिरता. आडनाव मध्येच बदललेलं दिसलं तर आधी हे पाहा.

वर्षांचं गणित: शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंतची मिती असेल तर ७९. संवतातून ५७ वजा. वऱ्हाडाकडच्या कागदात फसली सन येईल, त्यात ५९० मिळवा. ते वर्ष उन्हाळ्याअखेर सुरू होतं, म्हणून इंग्रजी वर्ष जोडीनं लिहा: फसली १३०० म्हणजे १८९०-९१. उत्तरेकडच्या फसलीत ५९२ मिळवतात, इंटरनेटवरचे तक्ते बरेचदा तो हिशेब देतात, त्यानं दोन वर्षांची चूक पडते.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं लटकवतात, शब्द तोडत नाहीत. शिकायचं असेल तर बाराखडीपासून सुरुवात करू नका. ‘मौजे’, ‘वल्द’, ‘पाटील’, ‘सन’, ‘बितपशील’ असे नेहमीचे पंधरा-वीस शब्द चित्रासारखे ओळखायला शिका, मग उरलेलं फक्त नावांचं वाचन राहतं. अडलंच तर पुराभिलेखागाराच्या नागपूर कार्यालयात मोडीवाचकांची चौकशी करा.

फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीचा बाजूनं येणारा उजेड घ्या, फोन पानाला समांतर. आधी बस्त्याच्या चिठ्ठीचा फोटो, मग रजिस्टरचं पहिलं पान, मग तुमचं पान पूर्ण, मग ओळ. चिठ्ठी नसलेला फोटो सहा महिन्यांनी तुम्हालाच कुठला ते कळत नाही. घरचे जुने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेपही लावू नका. चिकट पिवळा पट्टा पडतो आणि अक्षर त्याच्याबरोबर उचललं जातं.

---

कोतवाल बुक

शेतानं बाप कळतो, भावंडं कळत नाहीत. त्यासाठी जन्म-मृत्यूची नोंद. मध्यप्रांतात कोतवाल ही वही घेऊन ठाण्यावर जायचा, म्हणून ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’. बऱ्याच जागी ती आता तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. ठाण्याप्रमाणं लावलेली असते, त्यामुळं तुमचा मौजा त्या काळी कोणत्या ठाण्यात होता ते आधी काढा.

जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. ‘गणपत यास मुलगा’ एवढंच. तारीखही कळवल्याची असू शकते, चार-आठ दिवस पुढं-मागं धरा. मृत्यूच्या नोंदीत वय, जात, कारण असतं. वय अंदाजे, पन्नास-साठ असं गोल. १९१८ च्या साथीच्या महिन्यांत पानंच्या पानं ‘ताप’ लिहिलेली सापडतात. तुमचा नारायण किंवा यशोदा तिथं आहेत का ते पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही दुष्काळाची वर्षंही सोडू नका.

शाळेचा दाखला आहे म्हणालात, तर त्याच्यावर थांबू नका. मूळ दाखल-खारीज रजिस्टर पाहा. दाखल्यात न उतरवलेलं आधीचं गाव, पालकाचं नाव, नातं तिथं असतं. जन्मतारीख १ जुलै असेल तर ती मास्तरांनी घातलेली आहे, तिच्यावर हिशेब मांडू नका. शाळा आज जिल्हा परिषदेची असली तरी जुन्या काळी लोकल बोर्डाची, मग जनपद सभेची होती, रजिस्टरच्या पाठीवर तीच नावं दिसतील.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्यांनी जुन्या नोंदी तपासून आपल्या साइटवर याद्या आणि पानं टाकली आहेत. जातीचं काम नसलं तरी पाहा, गाववार लावलेलं असं दप्तर दुसरीकडं फुकट मिळत नाही.

---

पलीकडचा

एक राहिलं. धरणात गेलेल्या गावांचा भूसंपादन निवाडा. अप्पर वर्धा धरणात नदीच्या दोन्ही काठांची गावं गेली. मोबदला वाटताना भाऊबंद, बहिणी, मयताचे वारस सगळे लिहावे लागले. तुमच्या रिठाचा शिवार त्यात नसला तरी भाऊबंदांचं शेत असू शकतं.

---

चोपडी

१८६० च्या मागं जायचं तर दोनच वाटा, तीर्थोपाध्याय आणि भाट.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इथले उपाध्ये यजमानांच्या वह्या ठेवतात. गेलेला माणूस स्वतःच्या हातानं किंवा उपाध्यायाकरवी नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, गाव, मिती लिहून येतो. वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात, म्हणून तिथं आजचं गाव सांगून उपयोग नाही. पलीकडच्या रिठाचं नाव सांगा, परगणा माहीत असेल तर तोही, आणि जुनं आडनाव. ‘पाटील’ सांगितलंत तर उपाध्ये अर्धा वऱ्हाड पुढ्यात टाकतील. सिंहस्थात किंवा पितृपंधरवड्यात जाऊ नका, वही उघडायला कोणाला सवड नसते. दक्षिणा आधी बोलून घ्या, फोटो काढू देतात का ते विचारा, आणि निघताना आपली आजची पिढी लिहून या.

भाटाची वही वाचायला गोड असते. तिच्यातल्या वरच्या पिढ्या, एखाद्या राजकुळापर्यंत नेलेल्या, बाजूला ठेवा. खालच्या सहा-सात पिढ्यांत मात्र सोयरिकीची गावं असतात, आणि ती इतर कागदांशी जुळतात.

---

दप्तरबंद

भाटाबद्दल मी याहून कडक आहे. दुसरा कागद मिळेपर्यंत ती नावं पेन्सिलनं लिहा.

अमेरिकेतल्या भावाला सांगा, की त्या साइटींचा साचा तिथल्या वसाहतवाल्यांच्या कागदांवर बेतलेला आहे: चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, मृत्युपत्र, जहाजाची यादी आणि जनगणना. तिकडं १७९० पासून जनगणनेत घरधन्याचं नाव आहे, १८५० पासून घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं, आणि ७२ वर्षांनी ते सगळ्यांना खुलं होतं. आपल्याकडं जनगणनेचं आकडेवार पुस्तक मिळतं, माणसाचं नाव मिळत नाही. त्याऐवजी शेत आहे. तेव्हा ‘पुरावा’च्या रकान्यात त्यानं असं भरावं: मौजा, तहसील, जिल्हा (त्या काळचा आणि आजचा), कागदाचा प्रकार, वर्ष, खसरा किंवा सर्व्हे नंबर, पान, आणि कागद कुठल्या कचेरीत आहे. तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर आपल्याकडच्या तीर्थवह्यांचे काही फोटो फुकट आहेत, पण ते गावानं चाळावे लागतात.

गणपतचा बाप सखाराम, याला आत्ता कागद नाही. झाडावर तो तुटक रेघेनं जोडा. पलीकडच्या रिठात पहिल्या मोजणीच्या खातेदारांत ‘गणपत वल्द सखाराम’ जुन्या आडनावासकट निघाला आणि पुढच्या पानात तेच शेत दुसऱ्याच्या नावावर गेलेलं दिसलं, की मग रेघ पक्की करा.

---

आर्वीकाठ

सोमवारी जिल्ह्याला मिसलीचा अर्ज टाकतो, मौजा आणि बंदोबस्त नंबरासकट. रिठाचा सर्व्हे नंबर १ पासून स्कॅन चाळायला घेतला आहे, ३४ पर्यंत झाले. यशोदाबाईंच्या माहेरचं कोणी इथं असेल तर आवाज द्या.